मेणावरचं हसू

शेवटच्या दिवशी सकाळी दादा एका कवळीशी भांडत होता. “अगं बस की नीट, का रुसलीस?” असं चाललेलं त्याचं. कवळ्या करायचा कारखाना त्याचा. आता कारखाना म्हणजे काय, दोन माणसं पाठीला पाठ लावून बसतील एवढी खोली. एका टेबलाला दादा, दुसऱ्या टेबलाला त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. दोस्ताला सगळे मौनी म्हणायचे. विचारलं तर बोलणार, तेही औषध घेतल्यासारखं. आणि आमच्या दादाचं तोंड म्हणजे गिरणी. वहिनी म्हणायची, “हे स्वतःच्या वाटचं बोलतात आणि मौनीभाऊजींच्या वाटचंही बोलून टाकतात.”

दरवर्षी दोघं समुद्रापलीकडे शिबिराला जायचे. तिथल्या गरीब म्हाताऱ्याकोताऱ्यांना फुकट दात. डॉक्टरबाई तोंडं तपासणार, हे दोघं कवळ्या करणार. हातात दमडी पडायची नाही, पण दादा निघायचा ते वऱ्हाडात निघाल्यासारखा. त्या दिवशीही तीच बांधाबांध चालली होती.

“यंदा हसवायचं तू,” दादा म्हणाला.

“मी दात बसवतो. माकडचाळे तू कर.”

“अरे शिकून ठेव. मी काय जन्माला पुरणार आहे?”

“तू मला पुरून उरशील,” मौनी म्हणाला. त्याच्या मानाने हे फारच लांबलचक झालं.

हसवायचं म्हणजे असं. कवळी आधी मेणावर उभी करतात, तोंडात घालून बघतात आणि मग शिजवून पक्की करतात. शिजली की दात हलत नाहीत. म्हणून दादा मेणावर असतानाच माणसाला हसवायचा. म्हणायचा, “चाव म्हटलं की माणूस शहाण्यासारखा चावतो. हसताना ओठ कुणाच्या बापाचं ऐकत नाही. लांब दात, तिरका दात, सगळं तेव्हा बाहेर येतं.” मग एक जुनी कवळी हातात धरून तिला बोलायला लावायचा, तिच्याकडून स्वतःचाच कान चावून घ्यायचा. भाषेचा गंध नसलेली माणसंही पोट धरून हसायची. हसवल्याशिवाय त्याने एक कवळी कधी शिजवली नाही.

मौनी कधी तोंड उघडून हसायचा नाही, त्याला कारण होतं. त्याचेच दात खोटे होते. तरणाबांड असताना जिन्यावरून पडला, पुढचे गेले, मागचे त्यांच्या मागून गेले. दादाने स्वतःच्या हाताने त्याला दात करून दिले आणि आम्हा घरच्यांनाही पत्ता लागू दिला नाही. मौनीला लाज. दातांचा दुकानदारच बोळका म्हटल्यावर लोक काय म्हणतील? बायकोसमोर हसला तरी ओठ मिटून.

त्या दुपारी जेवून दादा खुर्चीत टेकला. मौनी आपला मशीनवर घासत बसला. बराच वेळ झाला, पाठीमागून काही बोलणं येईना. मौनीने मशीन बंद केलं. तरी काही नाही. तेव्हा तो वळला.

दादा गेल्यावर शिबिराला जाणार नाही म्हणून मौनी अडूनच बसला होता. वहिनीने दादाचा ॲप्रन धुऊन, घडी करून त्याच्या हातात ठेवला. “भाऊजी, जा. आणि हसवल्याशिवाय शिजवू नका हं. त्यांना वर चैन पडायची नाही.”

गेला. एका शाळेच्या वर्गात शिबिर, बाकांवर म्हातारी माणसं ओळीने बसलेली. मौनी म्हणायचा “हसा”, तिथली दुभाषी नर्स ते त्यांच्या भाषेत सांगायची, आणि माणसं फोटोला बसल्यासारखी दात दाखवायची. ते काही हसू नव्हे. मौनी कवळी काढून ठेवायचा, शिजवायला टाकायचा नाही. मेणावरच्या कवळ्यांची टेबलावर रांग लागली.

डॉक्टरबाई वैतागल्या. “अहो, दोन दिवसांत आपण निघणार. ही माणसं काय मेणाने जेवणार आहेत?”

“हसली नाहीत अजून.”

“नीट बसतायत ना? मग टाका शिजवायला!”

मौनी पेचात पडला. शिजवावं तर दादाचा नियम मोडतो, न शिजवावं तर माणसं बोळकीच घरी जातात. समोर एक आजी बसली होती. बरीच वर्षं दात नव्हते, म्हणून तोंडावर हात ठेवायची सवय लागलेली. मेणावरचे दात घातले तरी हात काही निघेना. मौनीने इकडेतिकडे बघितलं, दादाची जुनी कवळी उचलली आणि खटखट वाजवून आपल्या कानाला लावली. आजीने त्याच्याकडे बघितलं आणि नर्सला हळूच काहीतरी विचारलं.

“काय म्हणतात?”

नर्स अडखळली. “विचारतायत, याला बरं नाहीये का?”

मौनीने कवळी खाली ठेवली. मग भिंतीकडे तोंड केलं, आपले दात काढले, तळहातावर घेतले आणि वळला. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली.

“आजी, मी पण तुमच्यातलाच,” असं तो म्हणाला, पण बाहेर आली नुसती फुसफुस.

आजी बघतच राहिली. त्याच्या हातातल्या दातांकडे, मग त्याच्या तोंडाकडे. आणि मग तिचा हात खाली आला, मांडीवर थाप पडली, आणि ती अशी हसली की सगळा बाक हलला. बाकीचेही हसले. डॉक्टरबाईंनी तोंडाला रुमाल लावला.

मौनी मात्र कामाचा माणूस. डोळ्यांत पाणी होतं तरी त्याने बघितलं, उजवीकडचा वरचा दात जरा लांब होता. सुरी तापवून त्याने मेण सैल केलं, दात वर सरकवला, कवळी पुन्हा घातली. आता बरोबर.

आजीने त्याच्या तळहाताकडे बोट दाखवलं. हे कुणी केले?

मौनीने दात धुतले, तोंडात बसवले, स्टूल ओढून तिच्यासमोर बसला आणि बोलायला लागला. आपल्याच भाषेत. दादा कसा होता, कसा कवळ्यांशी भांडायचा, हे दात करताना त्याने किती शिव्या घातल्या, सगळं. आजीला एक अक्षर कळत नव्हतं. ती “हं, हं” करत मान हलवत होती.

डॉक्टरबाईंनी हे आम्हाला घरी येऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, “शेवटी मी हाक मारली, अहो मौनी, मागे माणसं खोळंबलीयत. तर मला म्हणतात कसे, थांबा हो जरा, बोलतोय ना मी!”