सहाव्या गावातला पूल

सबनीसांची आणि माझी ओळख त्यांच्या कबुलीजबाबापासून झाली. आयर्लंडमधल्या चेरीवूडच्या ऑफिसात रुजू होऊन मला तीनच दिवस झाले होते आणि सगळ्या टीमला त्यांची ईमेल आली : ‘कालपासून रिपोर्टवर तारीख चुकीची छापली जाते आहे. चूक माझी आहे. अजून कोणाच्या लक्षात आलेली नाही.’ आमचा आयरिश मॅनेजर त्यांच्या टेबलाशी येऊन “ग्रँड, ग्रँड” म्हणून गेला; ‘ठीक आहे’ म्हणायची ही इथली रीत. सबनीस माझ्याकडे वळले. “चुकीत भव्य काय असतं, हे मला चार वर्षांत कळलेलं नाही,” ते म्हणाले.

ते पुण्याचे, पंचेचाळिशीतले, एकटे राहणारे. हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं, आणि रागावलेलंही नाही. “मेधा, राग आला की टायपिंग बिघडतं,” एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं.

२००३च्या उन्हाळ्यात त्यांना एक जुनी इस्त्री हवी होती. नव्या इस्त्र्यांना वजन नसतं, हे त्यांचं ठाम मत. म्हणून एका रविवारी मी त्यांना माझ्या गाडीतून नावन गावाजवळच्या मैदानात घेऊन गेले. तिथे लोक आपापल्या गाड्यांच्या डिक्कीतून घरातलं जुनं सामान विकत. मॉरीन नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या टेबलापुढे सबनीस थांबले ते थांबलेच. इस्त्री तिथे नव्हती. विटेएवढं, करड्या रंगाचं, हातात धरून खेळायचं एक गेमचं यंत्र होतं.

“म्हणजे हे निघालं होतं तर,” ते म्हणाले.

पुण्यात असताना अकरा महिने खपून त्यांनी या यंत्रासाठी एक खेळ लिहिला होता. एक पोस्टमन सात गावांत पत्रं वाटत जातो, असा. यंत्र पुण्याला कधी आलंच नाही. त्याच्या फोटोची झेरॉक्स भिंतीवर चिकटवून सगळं काम कॉम्प्युटरवरच चालायचं. मग परदेशातली ती कंपनी बुडाली आणि यंत्र बाजारात आलंच नाही, असं त्यांना कळवण्यात आलं. इथे ते यंत्र समोर होतं, आणि आत खेळही तोच.

“चालतं हो ते,” मॉरीन म्हणाल्या. “फक्त सहाव्या गावातली नदी ओलांडता येत नाही. माझ्या नवऱ्याला, पॅटला, अर्धांगाचा झटका आला, उजव्या हाताची बोटं हलेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले बोटं हलवत राहा, म्हणून हे घेतलं. दोन वर्षं नदीपाशीच अडला. शेवटी म्हणाला, हातच संपला माझा, विकून टाक.”

सबनीस यंत्र घेऊन गेले. बुधवारी डबा उघडता उघडता मला म्हणाले, “चूक माझी आहे. पाचव्या गावात सगळी पत्रं वाटली, की सहाव्या गावातला पूल खाली येतच नाही. एखादं पत्र राहिलं, तर येतो.”

पुढच्या रविवारी मॉरीनना मैदानात गाठून आम्ही त्यांच्या घरी गेलो. पॅट खिडकीशी बसले होते. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कोणाचा ठेवायला दिल्यासारखा. सबनीसांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. पॅटनी हाताकडे पाहिलं.

“म्हणजे हात ठीक होता?”

“हाताचं मला सांगता येणार नाही. पूल खराब होता, आणि तो मी बांधलेला होता.” मग सबनीसांनी उपाय सांगितला, “पाचव्या गावात एक पत्र न वाटता ठेवून द्या.”

“मी एकतीस वर्षं टपाल वाटलं,” पॅट म्हणाले. “एकही पत्र घरी आणलेलं नाही.”

“अरे, खेळ आहे तो, पॅट,” मॉरीन म्हणाल्या.

“पत्रावर नाव असतं,” पॅट म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

परतताना गाडीत सबनीस म्हणाले, “त्यांचं बरोबर आहे. तपासताना आम्ही घाईघाईत एखाददुसरं पत्र सोडून पुढे जायचो. सगळी पत्रं वाटणारा माणूस भेटेल, असं कोणाच्या मनातच आलं नाही.”

जुना कोड जवळ नव्हता. डंडॉकच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राध्यापकांकडे ते तीन महिने दर शनिवारी बसने जात राहिले. दोघांनी मिळून खेळाची चिप वाचली, एक आकडा बदलला, नवी चिप भरली. डिसेंबरात सबनीसांनी यंत्र पॅटच्या उजव्या हातात ठेवलं. “आता पूल येतो. यापुढे अडलात तर मात्र हाताचंच कारण,” म्हणाले. मला ते नको इतकं स्पष्ट वाटलं. पॅटना आवडलं असावं. त्यांनी लगेच चालू केलं.

सहा आठवडे काहीच कळलं नाही. मग एका मंगळवारी सकाळी ऑफिसात मॉरीनचा फोन आला. त्या इतक्या मोठ्याने बोलत होत्या, की मला माझ्या खुर्चीत ऐकू येत होतं. “युवर मॅन, आमचा पॅट, नदीपार गेला! उजव्या हाताने! सगळी पत्रं वाटून!”

“सातव्या गावात काही अडचण?” सबनीसांनी विचारलं.

काही नव्हती. त्यांनी फोन ठेवला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. “माझं काम कोणी शेवटपर्यंत वापरल्याचं पहिल्यांदाच कळलं,” असं स्क्रीनकडे बघत म्हणाले आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून कोट घालून निघून गेले. रजेचा फॉर्म मॅनेजरकडे नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : ‘वैयक्तिक. चांगलं.’