काचवाल्या मिस्त्रींची भिंत

त्या भागात गवंडी पुष्कळ होते, पण भिंतीवर काचा लावायच्या असल्या की लोक एकाच माणसाला बोलवायचे. म्हणून त्यांचं नावच पडलं होतं काचवाले मिस्त्री. भंगारवाल्याकडून बाटल्या ते स्वतः निवडून आणत, बुडाशी जाड असलेल्या. पोत्यात गुंडाळून हातोडीचा एकच घाव घालायचा आणि तुकडे ओल्या सिमेंटात दोन बोटं खोल बसवायचे, टोकं बाहेरच्या अंगाला झुकलेली.

"काच लागावी म्हणून नसते, दिसावी म्हणून असते," ते गिऱ्हाइकाला सांगत. "चोर खालून बघतो, मनातल्या मनात हात कापून घेतो आणि पुढच्या घराकडे वळतो."

पुढच्या घराचं काय, असं कुणी विचारलं तर म्हणत, "त्यांनीही मलाच बोलवावं!"

तीस वर्षांत त्यांच्या काचेने कुणाला ओरखडाही काढला नव्हता, याचा त्यांना अभिमान होता.

स्वतःच्या घराला मात्र कमरेएवढीच भिंत होती. तिच्या पलीकडे शिवणकाम करणाऱ्या वहिनी राहत. त्यांचं मशीन खिडकीशी होतं आणि खिडकीतून मिस्त्रींचं मागचं दार सरळ दिसे. मिस्त्रींच्या बायकोला सहा वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तिने ते कपाटात ठेवून दिलं होतं. दारावर कुणी आलं, नळ वाहत राहिला, की वहिनी भिंत ओलांडून येत आणि तिच्या खांद्यावर टिचकी मारत.

एका मंगळवारी भरदुपारी घरात चोर शिरला. मिस्त्रींचं ड्रिल मशीन, मिक्सर आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन गेला. बायको त्या वेळी स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. उठून बाहेर आली तेव्हा फरशीवर ओली पावलं दिसली, तिच्या पाठीमागून चार हातांवरून गेलेली.

दुसऱ्या शहरात बँकेत नोकरी करणारी मुलगी दोन दिवसांत हजर झाली.

"बाबा, आई आता माझ्याकडे राहील. तुम्हीही चला."

"मी येऊन काय करू? तुझ्या आठव्या मजल्यावर कुंपण कुणाला हवंय?"

"मग तिला तरी पाठवा. उद्या नुसतं मिक्सरवर भागलं नाही तर?"

बायको दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होती. "मला काही विचारायचं असेल तर माझ्याकडे तोंड करून विचारा," ती म्हणाली. पण कुणी विचारलं नाही. पस्तीस वर्षांचा संसार बॅगेत भरला जाणार अशी मिस्त्रींना धास्ती वाटत होती.

"एक महिना दे मला," ते मुलीला म्हणाले. "मुंगी आत येणार नाही असं करतो."

आणि त्यांनी जे येत होतं तेच केलं. चारही बाजूंची भिंत डोक्यावर वीतभर चढवली आणि वर काचा बसवल्या.

वहिनी कौतुकाने बघायला आल्या. "भाऊजी, बैल गेला आणि झोपा केला की हो!"

"दुसरा बैल आहे ना अजून घरात."

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"तुम्हाला बैल म्हणाले," वहिनींनी ओठ नीट हलवून सांगितलं. त्या दिवशी मिस्त्रींना चहा मिळाला नाही.

भिंत झाल्यावर वहिनींच्या खिडकीतून नुसतं सिमेंट दिसायला लागलं. बाराव्या दिवशी गॅसवर दूध ठेवून बायको जरा आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. दूध आटलं, पातेलं जळलं, भिंतीवरून धूर दिसायला लागला. वहिनींनी हाका मारल्या, पण ऐकणार कोण? पुढच्या दाराला आतून कडी होती. शेवटी त्यांनी टेबल ओढलं, गिऱ्हाइकाचे शिवायला आलेले जाड पडदे काचांवर टाकले आणि चढल्या. गॅस बंद केला, बायकोला हलवून उठवलं. पण काचेने वहिनींचा उजवा तळहात फाटला. सात टाके पडले.

संध्याकाळी मिस्त्री घरी आले तेव्हा भिंतीवरचं रक्त वाळलं होतं. ते तसेच वहिनींकडे गेले.

"आठ दिवस मशीन बंद," बांधलेला हात दाखवत त्या म्हणाल्या. "पण भाऊजी, काम पक्कं हो तुमचं. एक तुकडा हलला नाही."

त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं.

"मुलीला कळवू नका," घरी बायको म्हणाली. "लगेच न्यायला येईल." मग थोडं थांबून म्हणाली, "चोर आला त्या आठवड्यात वहिनी बहिणीकडे गेल्या होत्या. तीन दिवस खिडकी बंद होती. त्याने तीच बघितली असणार. मला कुणी विचारलंच नाही."

मिस्त्रींच्या मनात आलं, आपण गिऱ्हाइकाला चोराचं मन समजावून सांगतो, आणि ते आपल्या बायकोला आपल्यापेक्षा जास्त कळलेलं. सकाळी त्यांनी मुलीला फोन करून काहीही न लपवता सगळं सांगितलं. बायको जाईल तर जाईल, पण खोटं बोलून तिला ठेवायचं नाही. मग हातोडी घेऊन वहिनींच्या बाजूची भिंत उतरवायला घेतली. मागे नाल्याकडच्या भिंतीवरच्या काचा मात्र राहू दिल्या. तिकडून कुणी शेजारधर्म पाळायला येणार नव्हतं.

शनिवारी मुलगी मोठी बॅग घेऊन आली. भिंत पुन्हा कमरेएवढी झाली होती आणि दोन्ही अंगांना एकेक पायरी बांधली होती. या वेळी ती आईसमोर बसली.

"आई, तू येतेस?"

"तू दिवसभर बँकेत. आठव्या मजल्यावर माझ्या दाराकडे बघणार कोण?" आई म्हणाली. "मी इथेच बरी."

मुलगी वहिनींकडे वळली. "काकू, पण तुम्ही बाहेरगावी गेलात की?"

"पुढच्या महिन्यात चार दिवस जायचंय खरं," वहिनी चाचरत म्हणाल्या.

मग मिस्त्रींनी बायकोकडे तोंड केलं. "ते चार दिवस मी कामावर जात नाही. घरीच बसतो."

तिने ओठ वाचले आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, तीनच दिवसांत या हो परत. चोर निदान मुकाट्याने निघून गेला होता."

मुलीने चारही तारखा फोनमध्ये टिपून घेतल्या आणि रविवारच्या गाडीने एकटीच परत गेली.