शनिवारची गोधडी
उन्हात तापलेल्या गोधडीचा वास आला की कापूस बुडण्याच्या वर्षांतला अकोल्यातला एक मे महिना आठवतो. भावाला हिपॅटायटिस सी होता, विषाणू हट्टी प्रकारचा. दर शनिवारी इंजेक्शन झालं की भर उकाड्यात त्याला हुडहुडी भरायची, म्हणून आई सकाळीच गोधडी उन्हात टाकायची. ताप म्हणजे शरीरातल्या पेशी शिपायांसारख्या लढताहेत, असं डॉक्टर म्हणाले होते. एका शनिवारी ताप आलाच नाही. मी खूश झाले. आई मात्र गोधडी धरून त्याच्या उशाशी बसली. "काहून नाही आला रे? झोपले का ते शिपाई?" भाऊ हसला, "बुढे, तुले आता तापच पाहिजे का?" पुढच्या तपासणीत विषाणू तसाच निघाला आणि डॉक्टरांनी इंजेक्शनं थांबवली. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी पाहते, तर गोधडी उन्हात टाकलेली. आता ती माझ्याकडे आहे. शनिवार सोडून कोणत्याही दिवशी मी तिला ऊन दाखवते.