आबांचं बोट आणि कोकराचं तोंड

सांगलीच्या एका कॉलेजात मी कोंबडीची अंडी फोडते. काय काम करतेस असं कुणी विचारलं की एवढंच सांगते, आणि ते खोटं नाही. उबवलेल्या अंड्यातल्या गर्भात स्पर्शाच्या नसा कातडीपर्यंत कशा पोचतात, ते मी सूक्ष्मदर्शकातून बघते. मणक्याजवळून केसाहून बारीक धागे निघतात. ना डोळे, ना कुणाचा हुकूम. पेशींच्या अंगावर एकमेकींना धरून ठेवणारे रेणू असतात. त्यांना धरत, सोडत धागे पुढं सरकतात. ओळखीचा रेणू भेटला की चिकटायचं, नाहीतर वळायचं. इतकी वर्षं बघतेय, तरी तोंडून 'अगं बाई!' निघतंच.

गेल्या वर्षी माण तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर लोकर कातरताना आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या हाताच्या बोटात कातर घुसली. नस तुटली. डॉक्टरांनी ती जोडली आणि म्हणाले, जाणीव परत येईल, कदाचित येणारही नाही.

कोकरू जन्मलं की आबा त्याच्या तोंडात तेच बोट घालतात. ऊब लागली, त्यानं चोखलं, की ते जगणार. त्या थंडीत त्यांनी सवयीनं एका नव्या कोकराच्या तोंडात ते बोट घातलं, बोटाला काहीच कळलं नाही आणि म्हणाले, "गेलं." बाजूला ठेवलेलं ते कोकरू माझ्या आईनं उचललं, तर ते तिचा पदरच चोखायला लागलं.

आबा दिवसभर जेवले नाहीत. "जित्त्याला मेलं म्हनलं म्या. इकून टाकूया मेंढरं."

"आबा, डाव्या हाताचं बोट घाला की!" मी म्हटलं.

"तू दुसऱ्याच्या डोळ्यानं बघतीस का त्या काचंतनं?" लय भडकले.

मग मी त्यांना सांगितलं, की गर्भातले ते धरून ठेवणारे रेणू तुटलेल्या नसेत पुन्हा उगवतात. साठी उलटलेल्या माणसाच्या बोटात, अंड्यातल्या पिलासारखं, पहिल्यापासून वाट शोधणं चालू होतं! सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. आबांना काही विशेष वाटलं नाही. म्हणाले, "पुढली कोकरं हुईपतोर थांबतो. न्हाई कळलं, तर बाजार."

परवा मी वस्तीवर असतानाच एक मेंढी व्याली. आबांनी कोकराच्या तोंडात तेच बोट घातलं आणि मान खाली घातली.  गेली मेंढरं, असंच मला वाटलं.

"आबा?"

"थांब की गं!" ते खेकसले. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. "चावतंय लेकाचं."