रिकाम्या बादलीचा आवाज

नदीकाठच्या त्या गावात तिला सगळे मगरताई म्हणत. तोंडावरही म्हणत आणि पाठीमागेही, त्यामुळे राग धरायचा तो कशाचा? नगरपालिकेत मगरी धरण्याचं काम तिच्याकडे होतं. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या परसात मगर शिरली की हिला बोलावणं यायचं. मानेत फास टाकायचा, डोळ्यांवर ओलं पोतं घालायचं, जनावर जरा निवलं की सायकलच्या ट्यूबने जबडा आवळायचा. "मगर बरी," ती म्हणायची, "चावायचं असलं की तोंड उघडते. माणसांचं कळत नाही."

त्या वर्षी मासळीबाजारामागच्या उतारावर एक थोराड मादी येऊ लागली. उतारालगतच धुण्याच्या पायऱ्या होत्या. एका सकाळी तिथे धुणं धुणाऱ्या एका मावशींनी तळाचा गाळ झाडायला पत्र्याची बादली दगडावर आपटली, आणि मगर सरळ पायरीवर चढून आली. मावशी मागच्या मागे पडल्या. कोपर फुटलं, पण जीव वाचला. बादली मात्र चेपून पोळीसारखी झाली.

दुपारी अख्खा बाजार मगरताईच्या दारात. पुढे बाजाराचे अध्यक्ष, त्यांच्यामागे तिचा सख्खा थोरला भाऊ. मासे कापायचा सगळ्यात मोठा ओटा त्याचाच.

"ताई, संध्याकाळच्या आत ती मगर उचला," अध्यक्ष म्हणाले. "नाहीतर आम्ही विष घालतो."

"उचलणार नाही. आणि विष घालणाऱ्याची गाठ माझ्याशी आहे. त्या पाण्यात तुमचीच पोरं पोहतात."

"उचलणार नाही म्हणजे?" दादा उसळला. "मग पगार कसला घेतेस?"

"मागच्या खेपेला तुम्ही असेच दारात आलात म्हणून म्हाताऱ्या नराला उचलून धरणात सोडलं. काय झालं? जागा मोकळी झाली आणि ही येऊन बसली. हिला नेलं तर हिच्याहून दांडगी येईल. चला माझ्याबरोबर, दाखवते."

वाटेत तिने दादाच्या ओट्यावरची बादली उचलली.

"रिकामी आहे ती," दादा म्हणाला.

"रिकामीच हवी."

सगळ्यांना वर थांबवून ती उताराच्या मध्यावर गेली आणि बादली उलटी करून दगडावर दोनदा आपटली. पाणी ढिम्म. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग समोरच्या लव्हाळ्यातून एक रेघ सुटली, आणि उताराच्या टोकाशी आधी नाक आणि मग दोन डोळे वर आले.

बादलीचा तो आवाज सगळ्यांच्याच ओळखीचा होता. माशांची आतडी, डोकी, खवले बादलीत भरायचे, उतारावरून नदीत ओतायचे आणि चिकटलेलं सुटावं म्हणून बादली त्या दगडावर आपटायची. घाण टाकायचा खड्डा बाजाराच्या पार पलीकडच्या टोकाला होता. तिथवर जाणार कोण? मगरीला मात्र ताट वाढल्याची वर्दी मिळत होती. मावशींनी बादली आपटली, ती जेवायला आली.

"म्हणजे चूक आमची?" दादाने आवाज चढवला. "तू माझी बहीण आहेस की मगरीची?"

"तुझीच. मगरीची असते तर म्हटलं असतं, आण अजून बादल्या. तुम्ही तिला जेवायला घालणार, आणि ती आली की बोंब माझ्या दारात! आजपासून एक खवलासुद्धा नदीत पडणार नाही."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "आणि उद्या कुणाचा जीव गेला तर?"

"तर गाव माझ्या नावाने बोटं मोडेल. मोडू दे."

मावशींना तिने वरच्या अंगाच्या पायऱ्यांवर धाडलं. मग मगरी न्यायचा लोखंडी पिंजरा ढकलगाडीवरून आणून उताराच्या वरच्या तोंडाशी वाट अडवून आडवा टाकला आणि स्वतः त्यावर मांडी घालून बसली.

"पिंजरा मगरीसाठी असतो, ताई!" एक कोळंबीवाला ओरडला.

"आत ये की. तुझ्याही मापाचा आहे."

मगर खाली येऊन वाट बघायची, कंटाळून जायची, पुन्हा यायची. मगरताई काही उठली नाही. पलीकडून चोरून टोपली ओतणाऱ्या एकाला तिने कॉलरला धरून खड्ड्यापर्यंत नेलं. बाजारात तिच्याशी कुणी धड बोलेना. भावजय तेवढी चहा पाठवायची, तोही नवऱ्याच्या नकळत.

मग एका दुपारी दादा स्वतः आला. हातात काठोकाठ भरलेली बादली. ओट्याओट्यांवरचे सुरे थांबले. थोरला काय करतो त्यावर बाकीचे आपापल्या बादल्या कुठे न्यायच्या ते ठरवणार होते, आणि हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

"ऊठ."

"नाही."

"लोकांसमोर माझी शोभा करू नकोस. जड आहे बादली."

"मग उभा कशाला राहिलास? खड्डा तिकडे आहे."

"उचलून बाजूला ठेवीन तुला."

"पिंजऱ्यासकट उचल. लहानपणी मला कडेवर घेऊन फिरायचास, जमेल."

कुणीतरी हसू दाबलं. दादाचे कान लाल झाले. "आमच्या घरात परत पाऊल टाकलंस तर बघ!"

"टाकणार. आजच रात्री जेवायला येतेय. वहिनीला सांग, भात जास्त लाव."

दादाने बादली दुसऱ्या हातात घेतली. मग वळून खड्ड्याची वाट धरली. वळताना मुद्दाम बादली तिरकी करून थोडं घाण पाणी त्याने तिच्या पायांवर सांडलं.

तिने पाय काही मागे घेतले नाहीत.