तात्यांनी खोडलेला आकडा

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमधला दुसरा रविवार. जमा रक्कम अकरा लाख चाळीस हजार, लागणारी बावीस लाख. दापोडीच्या आमच्या विहारात हजर माणसं सात: भंतेजी, समितीचे चौघे, शोभाताई आणि सोनवणे तात्या. त्या चौघांत मी, खजिनदार.

प्रकरण शोभाताईंच्या सचिनचं. चाकणची नोकरी सोडून तो आखातात एका गोदामावर लागला होता. फोर्कलिफ्ट मागे घेताना पियदास नावाचा श्रीलंकेचा कामगार तिच्याखाली सापडला आणि दगावला. सचिनची शिक्षा भोगून झाली होती. पण मृताच्या वारसांना भरपाईची पूर्ण रक्कम, बावीस लाख, मिळेपर्यंत, किंवा त्यांनी लेखी माफी देईपर्यंत, तिथल्या कायद्यानं सुटका नव्हती. वकिलातीत फाइल होती आणि ती फाइलीच्या चालीनं चालत होती. भंतेजी श्रीलंकेत शिकलेले. त्यांनी पियदासच्या गावातल्या विहाराचा पत्ता काढला. तिथल्या वृद्ध भिक्खूंच्या नावे मी पत्र पाठवलं. त्याला पाच आठवडे झाले, उत्तर नव्हतं.

तात्यांनी पत्राची प्रत वाचायला सांगितली. पहिलीच ओळ होती: ‘आम्ही अकरा लाख चाळीस हजार देऊ शकतो, उरलेली रक्कम माफ व्हावी.’ तात्यांनी चष्मा काढला.

“खजिनदार, हे पत्र हाय का भंगाराचं कोटेशन?”

तात्या पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते आणि त्यातली बरीच वर्षं कामगारांचे प्रतिनिधी. पगारवाढीच्या बोलण्यांना गेले की मागणीपत्राची घडी करून ती बुडाखाली ठेवायचे आणि तिच्यावर बसायचे. साहेबाच्या घरचं, आजारपणाचं, पोरांचं सगळं विचारून झाल्याशिवाय कागद वर येत नसे. “आधी माणूस, मग मागणी,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. साहेब लोक चिडायचे, पण आपल्या काळातले तीनही पगारकरार त्यांनी संपाशिवाय केले. आज तात्या नाहीत, पण त्या कारखान्यातले जुने लोक अजून त्या घडीची गोष्ट सांगतात.

त्यांनी माझ्याच पेनानं ती ओळ खोडली. मग भंतेजींना विचारलं, श्रीलंकेत माणूस वारला की त्याच्यासाठी काय करतात. भंतेजी म्हणाले, वर्ष झालं की भिक्खूंना भोजनदान देतात आणि ते पुण्य मृताला अर्पण करतात, आपल्याकडच्या पुण्यानुमोदनासारखंच. पियदासचं वर्ष एप्रिलमध्ये भरत होतं. तात्या म्हणाले, त्याच दिवशी आपणही करायचं. समितीतल्या एकानं विचारलं की ज्याला पाहिलं नाही, त्याचं पुण्यानुमोदन कसं करायचं.

“आपल्या पोराच्या हातनं गेला. आणखी काय वळख पायजे?”

तो दिवस मी विसरणार नाही. पियदासचा फोटो मिळाला नव्हता, म्हणून पाटीवर नुसतं नाव लिहिलं. स्वयंपाक शोभाताईंनी एकटीनं केला, कुणाला हात लावू दिला नाही. भंतेजींनी नवं पत्र लिहिलं. त्यात नाव होतं, दान होतं, आकडा कुठेच नव्हता.

नवव्या दिवशी त्या वृद्ध भिक्खूंचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी पियदासची बायको कुसुमा लेकरांना घेऊन बसली होती. तिनं एकच प्रश्न विचारला, भंतेजींनी तो मराठीत सांगितला: माझा माणूस पडला तेव्हा तुमचा मुलगा पळाला, की जवळ थांबला?

शोभाताईंनी आमच्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे थांबला म्हणून टाका. सुटका एका शब्दावर आली होती. तात्यांनी माझा दंड धरला.

“शोभा, म्हाईत न्हाई ते म्हाईत न्हाई म्हण. खोट्यावर केलेला करार टिकत न्हाई.”

शोभाताई म्हणाल्या, “मला माहीत नाही, बाई. विचारून सांगते.”

पुढचे चार दिवस मी तात्यांशी बोललो नाही. मग तुरुंगातून सचिनचा फोन आला. तो आधी पळाला होता. फाटकापर्यंत गेला, परत फिरला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पियदासचं डोकं मांडीवर घेऊन बसला. शोभाताईंनी कुसुमाला पळाल्यासकट सगळं सांगितलं. कुसुमा बराच वेळ रडली. मग म्हणाली, परत आला ना. आठ दिवसांत माफीनामा वकिलातीत पोहोचला. पूर्ण माफी, रकमेची अट नाही. पुढे फाइल अशी धावली की अधिकाऱ्यानंच भंतेजींना विचारलं, हे तुम्ही जमवलंत कसं.

सचिन उतरला त्या दिवशी दापोडीची आमची गल्ली दुपारपासून रस्त्यावर होती. ढोल होता, निळा गुलाल होता, शोभाताई नाचल्या. विहारात तात्यांनी सचिनला आधी पियदासच्या नावाची मेणबत्ती लावायला लावली, मग पेढा भरवला.

पुढच्या रविवारी समितीत विषय निघाला की माफी मिळाली, आता वर्गणी परत करू. हिशेबाला ते सोपं होतं आणि मीही तसंच म्हणालो.

“माफी त्या बाईनं दिली,” तात्या म्हणाले. “पैसे आपण द्यायचेत. माफ केलं म्हून तिची लेकरं उपाशी ठेवायची?”

देणगीदार दोनशे सहा. मी प्रत्येकाला विचारलं. तिघांनी मिळून सहा हजार परत मागितले, ते दिले. तेवढे तात्यांनी पेन्शनमधून भरले. बँकेचा खर्च मी माझ्या खिशातून केला, म्हणजे आकडा तुटायला नको. जूनच्या पहिल्या आठवड्यात रीतसर बँकेतून रक्कम गेली: अकरा लाख चाळीस हजार रुपये, कालकथित पियदास यांच्या पत्नी कुसुमा यांना, पूर्ण.