तळाला काय लिहिलंय

आमच्या धसईच्या काकांनी, म्हणजे माझ्या मावशीच्या यजमानांनी, उभ्या आयुष्यात कुठलीही वस्तू आधी सरळ पाहिली नाही. हातात काही आलं की ते उलटं करायचं, चष्मा कपाळावर सरकवून तळाला कुठल्या देशाचं नाव आहे ते वाचायचं, आणि मगच पुढचं बोलणं. दोन हजार सालाच्या आसपास बाजारात चिनी मालाचा पूर आला, त्यामुळे काकांना क्षणाची उसंत नव्हती. म्हसा गावच्या जत्रेत माझ्या भाचीच्या हातातली बाहुली त्यांनी उलटी केली, तेव्हा पोरीने जत्रा डोक्यावर घेतली. शेजाऱ्यांचा नवा थर्मास तर आत काय आहे ते न विचारताच उलटा केला आणि पाय भाजून घेतला. तरी पायावर गार पाणी ओतताना म्हणतात कसे, "मी सांगितलं नवतं? चीनच निघाला!"

हा निव्वळ विक्षिप्तपणा नव्हता. काका मुरबाडला विजेऱ्यांच्या एका लहानशा कारखान्यात कामाला होते. बाहेरच्या स्वस्त विजेऱ्या आल्या आणि तो बंद पडला. तीच वस्तू निम्म्या किमतीत मिळते, असं मावशी कुरकुरली की ते म्हणायचे, "दोन रुपये जास्त गेले तर जातील कुटं? आपल्याच कुनाच्या तरी घरात ना?" यावर मावशी मान डोलवायची. तिला करायचं ते ती गुपचूप करत असे.

त्यांच्या मुलीचं, आमच्या ताईचं, लग्न शेणव्याला जमत आलं तेव्हा मात्र आम्हाला काकांच्या हातांची काळजी लागली. मुलगा तिला मनापासून आवडला होता. आम्ही मुलाचं घर बघायला निघालो तेव्हा तिने काकांना हात जोडले. "बाबा, आजच्या दिवस कायपन उलटं करू नका." काकांनी शब्द दिला आणि बराच वेळ पाळलाही. घड्याळ, रेडिओ, फुलदाणी, सगळं हात मागे बांधून पाहिलं. मग चहा आला. काकांनी तो बशीत ओतला आणि रिकामा कप हातात राहिला. हात सवयीचा. फिरला.

"चीन," काका म्हणाले.

मुलाची आई उठली. उंबऱ्याजवळ जाऊन तिने काकांची नवी कोरी चप्पल उचलली आणि उलटी केली. जगात ही एकच वस्तू काका कधी उलटी करत नसत, कारण चप्पल उलटी झाली की घरात भांडण होतं यावर त्यांची श्रद्धा होती. "पाव्हनं, हीपन तिकडचीच हाय!" काकांनी मावशीकडे पाहिलं. मावशी आढ्याकडे बघत होती. लग्न मोडलं, असंच मी धरून चाललो.

"चप्पल उलटी केलीत," काका शेवटी म्हणाले. "आता भांडान होनार."

"मग आजच हून जाऊ दे," ती म्हणाली. "लग्नानंतर नको."

काका असे हसले की बशीतला सगळा चहा धोतरावर. सुटलो बाबा एकदाचे! तारीख तिथेच ठरली.

लग्नानंतर विहीणबाईंनी खास काकांसाठी, जास्तीचे पैसे मोजून, दुकानदाराला चारदा विचारून, 'इथला' कप आणला. शेणव्याला गेले की काका त्यातच चहा घेत, आणि तो मात्र त्यांनी आमच्यादेखत कधी उलटा केला नाही.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा ताईकडे तो कप दिसला, आणि माझाच हात फिरला. तळाला चीनच लिहिलेलं होतं.

"बाबांना ठाऊक होतं," ताई म्हणाली. "सासूबाई आत गेल्यावर एकदा बगितला त्यांनी. मग हळूच सरळ ठेवला आनि मला म्हनाले, 'आपल्याच घरातला हाय.'"

काकांची फार आठवण आली. मीही कप सरळ केला आणि त्यातच चहा मागितला.